रोजच्या ऑफिसला थार घ्यावी का?

भावा, आधी घरच्यांचा विचार कर. आई रोज सोबत असणार असेल, तर महिंद्राची तीन दारांची थार नकोच. मागे बसायला पुढची सीट दुमडून आत चढावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते रोज जमत नाही. पाच दारांची थार रॉक्स किंवा मारुतीची जिम्नी बघ. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या गल्ल्यांत रुंदी फार जाणवते: जिम्नी १६४५ मिमी, तीन दारांची थार १८२० मिमी. मला रोजच्यासाठी जिम्नीच आवडते, फक्त डिकी लहान आहे.

आता खरा प्रश्न फोर-बाय-फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देण्याचा. पोवई नाका ते एमआयडीसी या रस्त्याला ते अजिबात लागत नाही. या गाड्यांत फोर-हाय (फोर-बाय-फोरचा नेहमीच्या वेगाचा मोड) लावलं की पुढची-मागची चाकं एकाच वेगाने फिरायला बांधली जातात. कोरड्या डांबरावर वळताना मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून सगळा ताण गिअरवर आणि शाफ्टवर येतो. त्यामुळे डांबरावर टू-हायच ठेव, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना. शेतावरचा चिखल, ओला चढ, तिथेच फोर-बाय-फोर. शेतच नसेल तर टू-व्हील ड्राइव्ह रॉक्स घे, पैसे वाचतील.

एमटी (मड-टेरेन, चिखलासाठीचे मोठ्या खाचांचे) टायर टाकू नकोस. आवाज वाढतो, मायलेज पडतं, ओल्या डांबरावर पकडही कमी मिळते.

आणि कासच्या पठारावर गाडी कधीच घालायची नाही. तिथली माती जेमतेम बोटभर असते, चाकांखाली ती फुलझाडांसकट उखडते.

टेस्ट ड्राइव्ह यवतेश्वरच्या घाटात घे, आईला मागे बसवून.