दारात धर्माचं सांगायला येणाऱ्यांना न दुखावता नाही कसं म्हणायचं?

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी सकाळी दोघंजण पुस्तिका घेऊन येतात, लई गोड बोलतात आणि त्यांना नको म्हणायला तुमची जीभ रेटत नाही. माझं पण अगदी हेच व्हायचं. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद असली तरी ही मंडळी जिना चढून येतात, मग घामाघूम झालेल्या माणसाच्या तोंडावर दार कसं लावायचं?

दोघीजणी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी म्हटलं, "आत्ता वेळ नाही हो, स्वयंपाक चाललाय." मला वाटलं संपला विषय. पुढच्या रविवारी बाराला परत बेल, "ताई, मागच्या वेळी तुमचा स्वयंपाक चालला होता ना, म्हणून आज जरा उशिरा आलो." आता बोला! तिसऱ्यांदा सांगितलं पाव्हणे आलेत, तर म्हणे चालतंय की, पाव्हण्यांना पण सांगू. तेव्हा डोक्यात उजेड पडला की यांचं काही चुकत नाहीये, मी एकदाही नको म्हटलेलंच नाही, मी आपली दर वेळी तारीख पुढं ढकलून देतेय कोर्टासारखी.

मग एकदा म्हटलं कारणच पक्कं द्यावं. "आमचं कुलदैवत जोतिबा आहे, आम्हाला दुसरं काही नको." झालं, वीस मिनिटं जोतिबावर चर्चा. गुलाल का उधळता, सासनकाठी म्हणजे काय, यात्रेला जाऊन मनाला शांती मिळते का... कारण दिलं की त्याला धरून पुढचा प्रश्न येतोच, त्यामुळं कारण देऊच नका. आमच्या ह्यांनी तर वाद घालून बघितला, पाऊण तास उंबऱ्यात उभं राहून, चहाचं पाणी झालं, आणि शेवटी ती माणसं खूश होऊन म्हणाली की तुमचे प्रश्न फार चांगले आहेत, पुढच्या वेळी आमच्यातल्या जाणत्या बंधूंना घेऊन येतो. त्या दिवसापासून ह्यांना बेल वाजली की मी आतच बसायला सांगते.

खरं तर नको म्हणायची रीत आपल्याकडं होतीच की. माझं लहानपण मंगळवार पेठेत गेलं, घराचं दार दिवसभर उघडं. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव यायचा, मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन यल्लम्माच्या जोगतिणी, शनिवारी तेल मागणारा. घरात असलं तर आजी सुपातनं पसाभर जोंधळे घालायची, जोगतिणीकडनं कपाळाला भंडारा लावून घ्यायची, आणि नसलं किंवा मनात नसलं तर एवढंच म्हणायची, "म्होरं जावा बाबा." का, कशासाठी, काही नाही. आवाज चढवायची नाही आणि ओशाळायची पण नाही. समोरचा पण राग न धरता शेजारच्या दारात जायचा.

फरक एवढाच की ते मागायला यायचे आणि आताची मंडळी द्यायला येतात. मागणारा पसाभर घेऊन जातो, देणाऱ्याला बसायचं असतं. म्हणून नुसतं "म्होरं जावा" पुरत नाही, "परत येऊ नका" हे पण सांगायला लागतंय. मी आता जाळीचं दार न उघडताच, त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत हसून म्हणते, "नमस्कार, आम्हाला यात रस नाही. परत येऊ नका, उगीच तुमचा हेलपाटा होतोय." बास. हेलपाटा हा शब्द फार कामाचा आहे, त्यात त्यांची काळजी पण येते आणि नकार पण. पत्रक हातात घेऊ नका, घेतलं की पुढच्या वेळी "वाचलंत का?" पाणी विचारा, उन्हातनं आलेल्या माणसाला पाणी न विचारणं आपल्याला जमणार नाही, पण चहा विचारू नका. चहा म्हणजे बसायचं आमंत्रण.

यहोवाचे साक्षीदार नावाच्या ख्रिस्ती पंथाचे जे लोक बहुतेक जोडीनं फिरतात, त्यांच्यात तर येऊ नका म्हणणारी घरं नोंदवून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे स्पष्ट सांगितलेलं त्यांना पण बरंच पडत असणार. आणि मनात अपराधीपणा ठेवू नका. घटनेच्या 25 व्या कलमानं प्रत्येकाला आपल्या धर्माचा प्रचार करायचा हक्क दिलाय, पण आपल्या उंबऱ्यात उभं राहून तो ऐकलाच पाहिजे असं त्यात कुठं नाही. कोल्हापूरला तर हे नवीन पण नाही, 1852 साली अमेरिकेतनं वाइल्डर नावाचे मिशनरी इथं आले तेव्हापासून गाव ऐकतंय, कुणी ऐकलं, कुणी नाही ऐकलं.

अनोळखी माणसाचं एकवेळ सोपं आहे. अवघड असतंय ते ओळखीच्याचं. आमच्याच बिल्डिंगमधले एक काका दर गुरुवारी सत्संगाला चला म्हणून मागं लागायचे, आणि ते पार्किंगला, लिफ्टमध्ये, दूध आणायला जाताना, सगळीकडं भेटणार. मी दोन महिने डोकं दुखतंय म्हणून टाळलं, तर त्यांनी डोकेदुखीवरचा जप आणून दिला! शेवटी धीर करून म्हटलं, "काका, तुमच्या श्रद्धेचा मान आहे, पण माझं नाही जमायचं. गणपतीच्या आरतीला मात्र नक्की येते." पंधरा दिवस लिफ्टमध्ये छताकडं बघत होते. मग पाण्याची टाकी धुवायची वर्गणी काढायची होती तेव्हा आपणहून बोलले.

हे सगळं साध्या माणसांचं झालं. घरावर सावट आहे, मुलाच्या जिवाला धोका आहे, दागिना काढून द्या मंत्र मारून देतो असलं कोण म्हणायला लागलं तर नम्रपणा बाजूला ठेवा. आमच्या पूर्वीच्या गल्लीतल्या एका मावशींच्या दोन बांगड्या अशाच गेल्या, त्या पण कशासाठी, तर म्हाताऱ्या बाबाला नाही कसं म्हणायचं म्हणून. दैवी शक्ती आहे म्हणून भीती घालून फसवणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. दार लावा, शेजाऱ्यांना हाक मारा, हलत नसला तर 112 लावा.

आणि दारावर बोर्ड लावू का असं विचारलंय, त्याचा उपयोग नाही. आमच्या खालच्या मजल्यावर "विक्रेत्यांना प्रवेश नाही" असा मोठा बोर्ड आहे. त्या दोघींनी तो नीट वाचला आणि बेल वाजवली. दार उघडल्यावर म्हणाल्या, "आम्ही काही विकत नाही, ताई."