सायकल खोक्यात भरण्याआधी

युरोपातल्या ट्रायथलॉनला (पोहणं, सायकल, धावणं एकापाठोपाठ) चाललास, अभिनंदन! पण नवी मुंबईच्या पामबीच रोडवरचा सरासरी वेग एवढा मनावर घेऊ नकोस, तो रस्ता सपाट आहे. युरोपातल्या रेसला चढ असू शकतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा ठाण्याचा येऊरचा डोंगर सायकलने चढ.

खरी धास्ती पाण्याची. १५०० मीटर तू तरण तलावात आरामात मारतोस, पण तिथे तळाशी काळी रेघ असते. रेसच्या तळ्यात ती नसते. दर सहा-आठ हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याबाहेर काढून बोया (मार्ग दाखवणारे तरंगते फुगे) बघायची सवय आत्तापासून लाव. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा घट्ट रबरी पोशाख) भाड्याने घेणार असशील तरी आधी एकदा घालून पोह. आपल्याकडच्या कोमट पाण्यात दहा मिनिटांत उकडून निघशील, पण छाती आवळल्यासारखं होतं ते इथेच कळू दे. मान घासू नये म्हणून वेटसूटला चालणारं, पेट्रोलियम नसलेलं वंगण चोपड.

आता सायकल. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. मी पहिल्या वेळी घाईत ते सोडवायच्या नादात आणखी घट्ट करून बसलो, रात्री दोनला, आणि विमान सकाळचं! पेडल घरीच एकदा काढून, ग्रीस लावून ठेव. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) जादा हँगर, म्हणजे तो ज्यावर बसतो ती पट्टी, घे. खोकं आपटलं की तोच वाकतो.

युरोपात बहुतेक देशांत उजवीकडून चालवायचं, ओव्हरटेक डावीकडून. आपला हात नेमका उलटा वळतो. रेसमध्ये हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढू नकोस, वेळेचा दंड बसतो.

आणि आईने दिलेले लाडू रेसच्या सकाळी नकोत. आदल्या दिवशी खा.