वाचकांचे प्रश्न : ‘आमचं वेगळं आहे’ची 63 कलमं

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) पीपीसी, म्हणजे उत्पादनाचं नियोजन, बघतो. आमच्याकडे सॅप हे सगळ्या खात्यांचे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर येतंय आणि फिट-गॅप कार्यशाळा (आमचं काम त्यात कुठं बसतं, कुठं नाही हे बघणारी) जमवायचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक खातं म्हणालं, ‘आमचं वेगळं आहे.’ रनर-रायझरचा (ओतताना वाटेत गोठून नंतर तोडलेल्या धातूचा) हिशेब, हीट नंबर (भट्टीच्या एका वितळणीचा क्रमांक), जॉबवर्कचा (बाहेरच्या मशीन शॉपकडे कामाला दिलेला) माल, चलनाचा नमुना असं करत यादी 63 वर गेली. मालक म्हणतात, काही न बदलता आहे तसं बसवा. सल्लागार इंग्रजीत स्लाइड दाखवतात, शॉपवरची माणसं गप्प बसतात. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, यादी लांबली ती प्रश्न चुकल्यामुळे. ‘तुम्हाला काय काय हवं?’ असं विचारलं की माणूस रोजची एक्सेल शीट जशीच्या तशी मागतो. त्यानं दुसरं काही पाहिलेलंच नसतं. आधी सॅप मुळात काय करतं ते दाखवा, आणि तेही तुमच्याच मालावर. गेल्या महिन्यात डिस्पॅच झालेलं एक कास्टिंग (ओतलेला भाग) निवडा. त्याचे सगळे कागद गोळा करा : पिग आयर्नची (कच्च्या लोखंडाची) खरेदी ऑर्डर, गेट एंट्री, भट्टीची लॉगशीट, फेटलिंगची (कास्टिंग साफ करण्याची) नोंद, जॉबवर्कचं चलन, तपासणीचा रिपोर्ट, बिल. मग सल्लागारांना सांगा, स्लाइड बंद करा आणि हेच कास्टिंग डेमो सिस्टिममध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवा. प्रत्येक स्क्रीनला, तो कागद ज्याच्या हातातून जातो त्यालाच विचारा, ‘इथं तुमचं काय अडतं?’ मराठीत विचारा.

बऱ्याच मागण्या तिथंच गळतील. रनर-रायझर बीओएममध्ये (एका नगाला काय किती लागतं त्या यादीत) उणे संख्येनं टाकला की उपउत्पादन म्हणून परत स्टॉकला येतो. हीट नंबर बॅच म्हणून चालतो. हे दोन्ही सॅपमध्ये तयारच आहे.

उरलेल्या प्रत्येक मागणीला विचारा : हे महिन्यात किती वेळा होतं, आणि झालं नाही तर कुणाचं काय अडतं? जॉबवर्कला दिलेला माल जीएसटीच्या कलम 143 प्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो. मुदतवाढ नसेल आणि माल आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी तो पुरवला असं धरून कर लागतो. म्हणजे किती दिवसांपासून कुठल्या मशीन शॉपकडे किती नग आहेत, हे दिसलंच पाहिजे. त्यात तडजोड नाही. चलनावर खात्यांची नावं जुन्याच क्रमानं हवीत, ही मात्र सवय आहे.

गप्प बसणाऱ्यांबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात मी अशीच कार्यशाळा घेतली होती. विभागप्रमुख म्हणाले, जॉबवर्क सोपं आहे, माल जातो आणि येतो. मी ‘फिट’ लिहून पुढं गेले. मागच्या खुर्चीवर स्टोअरचे काका मांडीवर वही घेऊन बसले होते. त्यांना मी काहीच विचारलं नाही. नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू झाल्यावर मशीन शॉपवाल्यांची बिलं अडायला लागली, तेव्हा ती वही पाहिली. परत आलेल्या प्रत्येक लॉटपुढे दोन रकाने होते, लाल पेननं सीआर आणि निळ्यानं एमआर. मशीनिंग करताना आत ब्लोहोल (वायूमुळं राहिलेली पोकळी) निघाला तर ते कास्टिंग रिजेक्शन. नुकसान फाउंड्रीचं आणि मजुरी द्यायची. टूलनं माप गेलं तर मशीनिंग रिजेक्शन; मशीन शॉपला डेबिट. आम्ही दोन्हींना एकच कारण दिलं होतं, त्यामुळं ब्लोहोलचं डेबिटही त्या छोट्या माणसांच्या नावावर पडलं. एकानं तर काम घेणंच थांबवलं. ही चूक माझी होती, ती मी विसरलेले नाही.

मालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खास आपल्यासाठी वेगळा लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम (सॅपवाले त्याला झेड प्रोग्रॅम म्हणतात) पुढच्या प्रत्येक अपग्रेडला पुन्हा तपासावा लागतो, त्याचा खर्च कायमचा असतो. पण ‘काही न बदलता’ म्हणजे सेटिंगसुद्धा करायचं नाही, असं नाही. सीआर-एमआरसाठी रिजेक्शनची दोन वेगळी कारणं आणि त्यावरून डेबिट ठरवण्याची शिस्त, एवढ्यानं आमचं काम भागलं. मालकांसमोर जाताना प्रत्येक मागणीपुढे लिहा : पद्धत बदलू, सेटिंगनं होईल, की प्रोग्रॅम लिहावा लागेल. शेवटच्या रकान्यात जे उरेल तेवढ्यावरच त्यांचा निर्णय मागा.

फेटलिंग आणि स्टोअरच्या माणसांना पाळी सुटल्यावर बोलावू नका, पाळीच्या वेळात घ्या आणि त्यांच्या जागी बदली माणूस द्या. वही सोबत आणायला सांगा. नवी यादी झाली की मला पाठवा, आणि तुमच्याकडे सीआर-एमआर कोण ठरवतं तेही कळवा.