ऑफिसातून थेट कार्यक्रमाला जायचंय? आधी अस्तराचं बोला

प्रश्न असा आहे: "मी कोल्हापुरात बँकेत नोकरी करते. सकाळी साडेनऊला घर सोडते. संध्याकाळी कधी ताराबाई पार्कात जेवण असतं, कधी शाहू स्मारकात कार्यक्रम, कधी कुणाचं रिसेप्शन. मधे घरी जाऊन कपडे बदलायला वेळ मिळत नाही. दोन्हीकडे शोभतील असे कपडे कसे निवडावेत? रंग कोणते घ्यावेत?"

रंगाचं शेवटी सांगते. रंग हा यातला सगळ्यात सोपा भाग, आणि नेमकी सगळ्याजणी तिथूनच सुरुवात करतात. सकाळी साडेनऊला अंगात घातलेला कुर्ता रात्री नऊला कसा दिसेल, हे ठरतं कापडाच्या विणीवर, शिवणीवर आणि आतल्या अस्तरावर. अस्तराचं नाव काढलं की आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणतात, "कापडाला आणि कापड कशाला? उगं उकडतंय." त्याही शिवतात, मीही शिवते, आणि हा वाद आमच्यात फार जुना आहे. तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसले ती त्याच्यामुळेच.

एकाच कुर्त्यावरून सांगते. वाइन रंगाची चंदेरी, चांदीच्या रंगाची बारीक बुट्टी, सरळ कट, पाऊण बाही, अस्तर नाही, आत वेगळी स्लिप घालायची. शिवला जाऊबाईंनी, दुरुस्तीला आला माझ्याकडे. घालणारी मुलगी विमा कंपनीत, दिवसभर खुर्चीवर, तिथून थेट रिसेप्शनला. "मावशी, मी ऑफिसातनंच गेलो होतो, स्टेजवर चढताना पाठीला कायतरी सैल लागलं," एवढंच तिचं सांगणं. उलटा करून बघितला तर कापड फाटलेलं नव्हतं, शिवणही उसवलेली नव्हती. मागच्या बाजूला मुंढ्याजवळ, म्हणजे बाही अंगाला जोडतात तिथे, शिवणीला लागून धागे सरकले होते आणि पाव इंच रुंदीची, साडेतीन इंच लांब जाळी पडली होती.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण तुम्ही संध्याकाळसाठी जे कापड आवडीने उचलाल त्यातल्या निम्म्या कापडांना हाच रोग आहे. चंदेरीत उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, आणि वीण विरळ. रेशमाचा धागा गुळगुळीत असतो. कुर्ता आडवा ताणला गेला की शिवणीला समांतर असलेले उभे धागे आडव्या धाग्यांवरून घसरतात. शिवण जागेवर राहते, तिच्या शेजारचं कापड मोकळं होतं. माप घेताना बाई उभी असते, हात खाली सोडलेले असतात. तेच हात कीबोर्डवर किंवा स्कूटीच्या हँडलवर गेले की पाठीची रुंदी एक ते दीड इंचाने वाढते. बिनअस्तराच्या कुर्त्यात तो सगळा ताण एकट्या चंदेरीवर येतो. रोज आठ तास. रिसेप्शनच्या स्टेजवर जे झालं ते खरं तर दुपारीच ऑफिसात सुरू झालेलं होतं.

त्यातून शिवणीचा दाब, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड, फक्त अर्धा इंच सोडलेला. अशा कापडाला एक इंच दाब हवाच. ओव्हरलॉक करून कडा कापून टाकली की पुढे सोडायला काही उरत नाही. जाळी पडलेल्या जागी मागून मलमलची दीड इंची पट्टी लावून शिवण पक्की केली, पण मग कुर्ता आवळ झाला, म्हणून उरलेल्या तुकड्यातून दोन्ही बगलांत तीन इंची चौकोनी कळी घातली. बगलेतली कळी तुम्ही नव्या कपड्यातही मागून घ्या. हात वर केला की पूर्ण कुर्ता वर ओढला जात नाही, घामाच्या जागेवर कापड घासतही नाही.

मग अस्तर लावलं, आणि ते कसं लावलं यातच सगळं आहे. अस्तर वरच्या कापडापेक्षा थोडं घट्ट कापायचं. छाती ३६ असेल तर अस्तर ३८, वरचं कापड ३९. म्हणजे हात पुढे गेला की ताण अस्तर झेलतं आणि चंदेरी वर नुसती पडलेली राहते. गळा, खांदा आणि मुंढा इथे दोन्ही कापडं एकत्र शिवायची, बाजूच्या शिवणी मात्र वेगवेगळ्या. खाली अस्तर दीड इंच आखूड ठेवायचं आणि त्याचा साइड कट एक इंच वर घ्यायचा. दोन्ही बाजूंना खाली इंचभर दोऱ्याची साखळी घालून अस्तर वरच्या कापडाला टांगतं ठेवायचं, म्हणजे ते आत गोळा होत नाही. साइड कटच्या टोकाला आडवा टाका पक्का मारून घ्या, स्कूटीवर पाय टाकताना तिथेच उसवतं.

जाऊबाईंचं "उकडतंय" हे पॉलिस्टर क्रेपच्या अस्तराला लागू आहे. तिथे त्यांचं बरोबर. पण म्हणून अस्तरच टाकायचं नाही हे मला कधी पटलेलं नाही. पातळ सुती मलमल किंवा मऊ कॅम्ब्रिक लावा. ते घाम आत शोषून घेतं आणि वरच्या कापडावर डाग उमटू देत नाही. बिनअस्तराच्या चंदेरीला दुपारी तीन वाजता बगलेत जो गडद डाग पडतो, तो वाळला की पांढरट कड सोडतो. संध्याकाळी फोटोत तेवढाच दिसतो.

सुती अस्तर मात्र रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करूनच कापायला द्या. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. ४२ इंच लांबीवर हे सव्वा ते दोन इंच झाले. वरची चंदेरी किंवा सिल्क तेवढी आटत नाही. अस्तर खालच्या दुमडीत पक्कं शिवलेलं असेल तर पहिल्याच धुण्यानंतर कुर्त्याच्या खाली झोळ येतो, आणि तो इस्त्रीने जात नाही. दुमड उसवून अस्तर सुटं करणं हाच त्याला उपाय.

आता कापडाची निवड. दुकानात कापडाचं टोक मुठीत धरून दहा आकडे मोजा, मूठ सोडा. ज्या सुरकुत्या मिनिटभरात निम्म्या विरत नाहीत, त्या दुपारच्या डब्याच्या वेळी तुमच्या मांडीवर असणार. कोरं लिनन इथे नापास होतं. ते दिवसा सुरेख, संध्याकाळी मरगळलेलं. सुतात थोडं रेशीम असलेली कापडं, म्हणजे चंदेरी, महेश्वरी, किंवा जाडसर सुती साटीन पास होतात. रेयॉन मला ऑफिसच्या कपड्यांत अजिबात आवडत नाही. टांगून टांगून लांबतो, धुतला की आटतो, ओला असताना कमकुवत होतो आणि खुर्चीला घासून मागे त्याचे गोळे येतात. पॉलिस्टर जॉर्जेट चुरगळत नाही हे खरं, पण त्यात घामाचा वास राहतो, आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी माणसं बसलेली असतात.

शंका आली तर कडेचा एक धागा काढून दुकानाबाहेर जाळून बघा. जळक्या कागदाचा वास आणि राख म्हणजे सूत किंवा रेयॉन, जळक्या केसांचा वास म्हणजे रेशीम, टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला होलसेलमध्ये "कॉटन सिल्क" म्हणून काहीही हातात पडू शकतं, तिथे हे कराच.

आपल्याकडे सगळ्यांना खण हवा असतो. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा पारंपरिक खण अरुंद पन्ह्याचा, तो चोळीसाठीच विणला जायचा. त्याचा अख्खा कुर्ता करायचा तर बाजूला जोड द्यावे लागतात, आणि ते जोड नको तिथे येतात. खणाचं जाकीट करा. बिनबाह्यांचं, कमरेखाली चार इंच, आत मलमलचं अस्तर, समोर उघडं. हे जाकीट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये घडी घालून राहतं आणि साध्या सुती कुर्त्यावर चढवलं की तुम्ही संध्याकाळच्या झालात. माझ्या मते संध्याकाळसाठी वेगळा कपडा लागत नाही, वरचा एक थर लागतो. ओढणीपेक्षा जाकीट बरं, कारण ओढणी स्कूटीच्या चाकात जाते आणि जेवताना ताटात.

इरकली साडी कापून कुर्ता शिवणार असाल तर आधी साडी भिजवा. अंगातलं सूत आणि काठाचं रेशीम वेगवेगळं आटतं, आणि न भिजवता शिवलेल्या कुर्त्याचा काठ पहिल्या धुण्यानंतर चुण्या धरतो. जरीची इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती फडकं टाकून. हल्लीची बरीचशी जर प्लॅस्टिकवर धातूचा मुलामा दिलेली असते, गरम इस्त्रीने वितळते. बॅगेचा पट्टा ज्या खांद्यावर येतो तिथे, आणि ओळखपत्राची दोरी जिथे घासते तिथे, जर किंवा भरतकाम घेऊच नका. पाचसहा महिन्यांत तेवढीच जागा उडते. काम हवंच असेल तर बाहीच्या टोकाला किंवा खालच्या घेराला घ्या.

कुर्त्याची लांबी स्कूटीवाल्यांनी ४२ इंचांच्या पुढे नेऊ नये. पँट सरळ, घोट्यापाशी घेर १३ ते १४ इंच, सुती लायक्रात. पलाझो पावसात चिखल उचलतो आणि गाडीच्या स्टँडमध्ये अडकतो.

गळा ठरवताना दागिन्याचा विचार आधी करा. ठुशी घालणार असाल तर पुढचा गळा सहा इंचांच्या आसपास, पानाचा किंवा गोल. बंद कॉलर किंवा बोटनेकमध्ये ठुशी कापडावर चढते आणि तिचे मणी धागे ओढतात. कॉलरच आवडत असेल तर गळ्यात काही नको, कानात मोत्याच्या कुड्या किंवा झुमके. कुड्या पर्समध्ये नेता येतात. कोल्हापुरी साज मात्र साडीवरच, कुर्त्यावर तो लोंबतो.

चपला ऑफिसात ठेवा. कोल्हापुरी चपलेचं चामडं पाणी पितं, फुगतं आणि तळ सुटतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर येता-जाता रबरी सँडल आणि कार्यक्रमाला तेवढी कोल्हापुरी. ती सुती पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

तांबडा रस्सा उडाला तर आधी पाणी लावू नका. तो रंग तेलात असतो, पाण्याने नुसता पसरतो. डागावर टाल्कम पावडर किंवा कोरडं पीठ दाबून ठेवा, घरी गेल्यावर झटकून भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी लावा. साबण लागताच हळदीचा डाग लाल होईल, घाबरू नका, क्षाराने हळद लाल होतेच. स्वच्छ खळबळून ओलाच उन्हात टाका, उन्हाने हळद उडते. हे सुती कापडाचं झालं. चंदेरी, सिल्क, खण असेल तर पावडर लावून थेट ड्रायक्लीनला.

रंग. ऑफिसात पांढरा उजेड, हॉलमध्ये पिवळा. पिवळ्या उजेडात नेव्ही ब्लू काळा दिसतो, जांभळा तपकिरीकडे झुकतो, आकाशी मळकट वाटतो. वाइन, बाटली हिरवा, गडद मोहरी, विटकरी हे दोन्ही उजेडात आपली जागा सोडत नाहीत. कापड दुकानातल्या दिव्याखाली बघून घेऊ नका, दाराबाहेर आणून उन्हात बघा आणि मग आत पिवळ्या दिव्याखाली. घाम सगळ्यात जास्त करड्या आणि आकाशी रंगावर दिसतो. काळा सगळीकडे चालतो असं सगळे सांगतात, मी सांगणार नाही. गाडीवरची धूळ आणि खुर्चीचे तंतू काळ्यावर पहिल्यांदा दिसतात आणि सुती काळा वर्षभरात राखाडी होतो.

तुमच्या बँकेत साडी किंवा गणवेश सक्तीचा असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, हे आधी लिहायला हवं होतं. साडी असेल तर लक्ष ब्लाउजकडे द्या, अस्तराचं गणित तिथेही हेच. आणि अंगाने फार घाम येत असेल तर एप्रिल-मेमध्ये अस्तर बाह्यांना लावू नका, फक्त अंगाला लावा. एवढं मी जाऊबाईंचं ऐकते.

सुटं अस्तर शिवायला वेळ लागतो, म्हणून बरेच टेलर "गरज नाही, ताई" म्हणून टाळतात. विचारत बसू नका. ४४ इंची पन्ह्याची मलमल सव्वादोन मीटर आणा, भिजवून, वाळवून, इस्त्री करून वरच्या कापडाबरोबरच त्यांच्या हातात द्या, आणि वहीत मापाखाली "अस्तर सुटं, दाब एक इंच" असं त्यांच्यासमोर लिहून घ्या.