लोड टेस्टसाठी जेमीटर, के-सिक्स की लोकस्ट?

लोड टेस्टसाठी, म्हणजे एकदम पुष्कळ लोक आले तर साइट तग धरते का हे तपासण्यासाठी, या तीन टूलपैकी कोणते घ्यावे असे आपण विचारले आहे, आणि “टूल कोणतेही घ्या, आकडे सारखेच येतात” असे आपल्या वरिष्ठांनी सांगितल्याचेही प्रश्नात लिहिले आहे. हेच वाक्य मी सोलापुरात, होटगी रस्त्यावरच्या एका लहानशा कार्यालयात ऐकले आणि नंतर त्याचा भुर्दंड मलाच पडला, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

टॉवेल आणि चादरी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याची साइट आम्ही तयार केली होती आणि दिवाळीची सवलत सकाळी 11 वाजता खुली व्हायची होती. आमच्या साहेबांनी अपाचेबेंच हे लोड टेस्टचे साधे टूल त्याच सर्व्हरवर बसवून, एका वेळी 50 जोडण्या ठेवून, साडेतीन लाख रिक्वेस्ट, म्हणजे पान मागणारे निरोप, साइटला पाठवल्या. उत्तर यायला लागणाऱ्या वेळेची सरासरी 41 मिलिसेकंद आली. मी शंका काढली तेव्हा ते म्हणाले, “आता काय आरती ओवाळायची?”

प्रत्यक्ष विक्रीच्या दिवशी साइट दर पाच मिनिटांनी दहा-दहा सेकंद गोठू लागली, कारण शिल्लक माल जुळवणारे एक काम तेवढा वेळ डेटाबेसमधील मुख्य टेबल अडवून ठेवत होते. सेकंदाला सुमारे 200 रिक्वेस्ट येत होत्या, त्यामुळे साइट चालवणाऱ्या टॉमकॅट या सर्व्हर-प्रोग्रॅमचे मूळ मर्यादेचे 200 थ्रेड (एकेक रिक्वेस्ट हाताळणारे कामकरी) पहिल्या सेकंदातच भरत, मागे दोनेक हजार रिक्वेस्ट तुंबत, आणि पैसे भरताना अडकलेले गिऱ्हाईक पुन्हापुन्हा रिफ्रेश करून त्यात भर घालत असे. हेच काम चाचणीच्या वेळीही चालले होते, परंतु अपाचेबेंच उत्तर मिळाल्याशिवाय त्या जोडणीवरून पुढची रिक्वेस्ट पाठवत नाही. सर्व्हर गोठला की तेही मुकाट थांबले आणि साडेतीन लाखांपैकी जेमतेम 50 रिक्वेस्ट उशिराच्या म्हणून नोंदल्या गेल्या. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला येणारा माणूस आधीचा बाहेर पडला का, हे विचारून घरातून निघत नाही. या टूलची माणसे मात्र तसे विचारूनच निघतात. गिल टेनी या संगणक अभियंत्याने या दोषाला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असे नाव दिले आणि तो टाळण्यासाठी डब्ल्यूआरके-टू हे टूल लिहिले. त्यात सेकंदाला किती रिक्वेस्ट हव्यात हे आधी ठरते आणि विलंब रिक्वेस्ट जेव्हा निघायला हवी होती त्या क्षणापासून मोजला जातो. मी नंतर त्यावर 200 चा दर लावला, तेव्हा ते दहा सेकंद पहिल्याच फेरीत दिसले. साहेबांनी तोवर स्वस्त होस्टिंगला दोष देऊन व्यापाऱ्याला माफीचे पत्र माझ्याकडून लिहवून घेतले होते.

तेव्हा आपल्या तीन नावांपैकी मी के-सिक्स घेईन. मात्र त्यातला ठरावीक दराचा ‘कॉन्स्टंट-अरायव्हल-रेट’ हा एक्झिक्युटर (रिक्वेस्ट कशा सोडायच्या ते ठरवणारा भाग) वापरला तरच, कारण नुसती व्हर्च्युअल युजरची, म्हणजे टूलच्या नकली गिऱ्हाइकांची, संख्या दिली तर तेही तसेच थांबते. लोकस्टमध्ये पायथॉन लिहिणे सुखाचे आहे, पण त्याची मूळ रीत थांबणाऱ्या युजरचीच आहे. जेमीटर जुने आणि भरवशाचे आहे. डेटाबेस किंवा मेसेज क्यू (प्रोग्रॅममधल्या निरोपांची रांग) थेट तपासायची असेल तर तेच घ्यावे, फक्त खरी चाचणी त्याच्या खिडकीतून न चालवता कमांड लाइनवरून चालवावी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: आपले ॲप्लिकेशन एखाद्या कचेरीतील ठरावीक चाळीस कारकूनच वापरणार असतील, तर थांबणारे टूलच वास्तवाला धरून आहे आणि माझा वरचा सारा त्रागा आपल्याला लागू नाही. शिवाय टूल वेगळ्या यंत्रावर ठेवावे आणि होस्टिंगवाल्यांची परवानगी घ्यावी.

साहेबांचा तो छापील अहवाल अजून माझ्याकडे आहे. सरासरीच्या आकड्याभोवती त्यांनी लाल शाईने गोल केला आहे. अगदी तळाशी, 100 टक्क्यांच्या, म्हणजे सर्वांत उशिराच्या रिक्वेस्टच्या ओळीत, 10,400 मिलिसेकंद असे स्पष्ट छापलेले आहे.