जगाची अशी दैना झालेली असताना आगमनकाळात आशा कशी धरायची?

तुम्ही लिहिलंय की युद्धाच्या बातम्या पाहून प्रार्थनेत मन लागत नाही, चर्चची मंडळी मात्र आनंदाची गीतं गाते, मग तुमचाच विश्वास कमी पडतोय का. नाही. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, चेहऱ्यावर उसना आनंद आणण्यासाठी नाहीच. पहिल्या रविवारचं वाचन कुठल्याही वर्षीचं काढा, सूर एकच: जागे राहा. बाळ येशूची गव्हाणी फार नंतर येते.

प्रश्न मला झोंबला. माझा धाकटा भाऊ अतिदक्षता विभागात होता, दिवस हेच. घरच्या प्रार्थनेत माझ्या तोंडून निघालं, "प्रभू, तू खरंच आहेस ना?" थोरल्या दिरांनी तिथेच थांबवलं. "हा अविश्वास झाला. हे दिवस आनंदाचे आहेत." सगळ्यांसमोर. मी मान खाली घातली. भाऊ गेला, तेव्हा भावोजी म्हणाले, "त्या दिवशी प्रार्थना नीट झाली असती तर..." पुढचं बोलले नाहीत, पण मला ते ऐकू आलंच.

तर भावोजी, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय काढा. येशूला बाप्तिस्मा देणारा योहान हेरोदाच्या तुरुंगातून शिष्यांकरवी विचारतो: जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशूनं त्याला अविश्वासी ठरवलं? निरोप धाडला: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, मेलेले उठवले जातात, दीनांना सुवार्ता सांगितली जाते. यशया संदेष्ट्याच्या वचनात बंदिवानांची सुटकाही आहे, नासरेथात येशूनं ती वाचून दाखवली होती. तुरुंगातल्या माणसाला पाठवलेल्या निरोपात मात्र नेमकी तीच नाही. योहान सुटला नाही, त्याचं शीर तबकात गेलं. तरी निरोपे वळताच येशू लोकांना म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कोणी झाला नाही. आणि हा उतारा चर्चच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात पहिल्या वर्षी कधी येतो? आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, आनंदाची गुलाबी मेणबत्ती लागते त्याच दिवशी!

नोव्हेंबर 1943 मध्ये नाझींना विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिश बॉनहॉफर यांनी बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून लिहिलं होतं की कोठडी आगमनकाळासारखी असते, दार बाहेरूनच उघडतं. एप्रिल 1945 मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिली. माझ्या लेखी आशा ती हीच: येणारा येईल यावर भिस्त, माझं काम होईल यावर नाही.

म्हणून हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही. योहानानंच सांगितलंय, दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा. आणि झोप, भूकच उडाली असेल तर आधी डॉक्टरकडे जा, त्यात विश्वास कमी होत नाही.

बाकी प्रार्थना सुचत नसेल तर 88 वं स्तोत्र मोठ्यानं वाचा. ते शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, आणि तेही पवित्र शास्त्रातलंच आहे. घरातलं वडीलधारं कोणी हटकलं, तर मत्तय 11 उघडून पुढ्यात ठेवा. मला तेव्हा सुचलं नव्हतं.