वाचकांचे प्रश्न : तेल तोडले म्हणून जपान युद्धात उतरला का?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत वाद झाला. एका स्नेह्यांच्या मते अमेरिकेने तेल तोडल्यामुळे १९४१ मध्ये जपानला युद्धावाचून गत्यंतर उरले नाही. हे कितपत खरे आहे? तसेच पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा दिनांक ७ डिसेंबर असताना माझ्या मुलीच्या जपानी पुस्तकात तो ८ डिसेंबर का दिला आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या स्नेह्यांनी शेवटचे पान अचूक वाचले आहे, पण फक्त शेवटचेच. जपान त्या काळी गरजेच्या सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेकडून घेत असे आणि जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य दक्षिण इंडोचीनमध्ये (आजच्या व्हिएतनामच्या परिसरात) शिरल्यावर अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली व तेलाचा ओघ थांबला, इतके निर्विवाद आहे. मात्र ते सैन्य तेथे गेले कशासाठी, हेही विचारायला हवे. १९३७ पासूनचे चीनमधील युद्ध संपत नव्हते आणि ते रेटायला लागणारे तेल व रबर दक्षिणेकडे होते. चीनशी वैर विकोपाला गेले ते मांचुरियामुळे, म्हणजे चीनच्या ईशान्येकडील प्रदेशामुळे. आणि मांचुरियात जपानचे पाऊल पडले होते १९०५ मध्ये, रशियाचा पराभव करून तेथील रेल्वेमार्ग मिळवल्यावर. हातचे राखण्यासाठी शेजारचे घ्यायचे, असा तो क्रम होता.

माझ्या मते खरे वळण १९३१ चे आहे. १८ सप्टेंबरच्या रात्री मुकदेनजवळ, म्हणजे आजच्या शेनयांगपाशी, जपानच्याच क्वांतुंग सेनेतील, म्हणजे मांचुरियात तैनात असलेल्या जपानी सेनेतील, अधिकाऱ्यांनी जपानच्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला आणि त्याचा आळ चिनी सैनिकांवर घातला. स्फोट इतका किरकोळ होता, की थोड्याच वेळात एक गाडी त्याच रुळांवरून सुखरूप निघून गेली. तरीही तेवढ्या निमित्ताने मांचुरिया व्यापण्यास सुरुवात झाली. तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियातील जपानी सेनापती हायाशी सेंजुरो यांनी सम्राटांच्या आज्ञेवाचून सैन्य सरहद्दीपार पाठवले. पंतप्रधान वाकात्सुकी यांच्या मंत्रिमंडळाने त्यांना जाब विचारण्याऐवजी झालेल्या खर्चाला मंजुरी दिली आणि हेच हायाशी १९३७ मध्ये पंतप्रधान झाले! आज्ञाभंग असा पचतो म्हटल्यावर लष्कराला आवरणार कोण?

आपण ज्या उद्यानात फिरता, ते ओकायामा येथील कोराकुएन या बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे. त्याच ओकायामा परिसरात जन्मलेले इनुकाई त्सुयोशी डिसेंबर १९३१ मध्ये पंतप्रधान झाले. मांचुरियात उभ्या केलेल्या बाहुल्या राज्याला मान्यता देण्यास ते राजी नव्हते. १५ मे १९३२ रोजी नौदलाचे तरुण अधिकारी पिस्तुले घेऊन त्यांच्या निवासस्थानी घुसले, तेव्हा ‘बोललो तर समजेल’ अशा अर्थाचे शब्द त्यांनी काढल्याचे जपानमध्ये आजही सांगतात. त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांपैकी एकालाही फाशी झाली नाही, कारण जनमत त्यांच्या बाजूने वाहत होते. त्यानंतर महायुद्ध संपेपर्यंत तेथे राजकीय पक्षाचे मंत्रिमंडळ आले नाही.

राहिला प्रश्न ‘गत्यंतर’ या शब्दाचा. ऑक्टोबर १९४१ मध्ये चीनमधून सैन्य मागे घेण्याचा विषय पंतप्रधान कोनोए यांच्या मंत्रिमंडळापुढे होता. युद्धमंत्री तोजो यांनी त्यास ठाम विरोध केला, मंत्रिमंडळ कोसळले आणि तोजोच पंतप्रधान झाले. याचा अर्थ वाट होती. ती धरण्याची तयारी नव्हती.

दिनांकाचे कोडे सोपे आहे. पर्ल हार्बर ज्या हवाई बेटांवर आहे, तेथे ७ तारखेची सकाळ होती, तेव्हा जपानमध्ये ८ तारखेची पहाट उजाडायची होती. आपल्या मंडळींना हेही सांगावे, की पर्ल हार्बरवर पहिला बॉम्ब पडण्याच्या सुमारे तासभर आधीच जपानी सैनिक मलायाच्या (आजच्या मलेशियाच्या) किनाऱ्यावर, कोटा बारू येथे, उतरू लागले होते. रबर त्या बाजूला होते आणि तेलाच्या विहिरींकडे जाणारी वाटही तीच होती.